साताऱ्याच्या दरबारातला खंड्या

साताऱ्याहून पूर्वेला पाचेक किलोमीटरवर वेण्णा कृष्णेला मिळते. अलीकडच्या तीरावर संगम माहुली आणि पलीकडे क्षेत्र माहुली. या दोन गावांच्या घाटांवर मराठेशाहीचा बराच मोठा भाग राख होऊन पडला आहे. येसूबाई इथेच, ताराबाई इथेच, थोरले शाहू महाराजही इथेच. काठावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ आहे आणि समोरच्या तीरावर रामेश्वर. रामशास्त्री प्रभुणेही याच माहुलीचे. आणि या सगळ्या मानकऱ्यांच्या शेजारी, संगम माहुलीत एका दगडी चौथऱ्यावर, एका कुत्र्याची समाधी आहे. गावातले लोक त्याला खंड्या म्हणतात.

पानिपताइतका माहुलीचा घाट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही आणि खंड्या तर मुळीच येत नाही. आला तर एखाद्या तळटीपेत, महाराजांच्या लहरीपणाचा दाखला म्हणून. मला तो दाखला पटत नाही. शाहूंनी या कुत्र्यासाठी जे केलं ते खुळ नव्हतं. मराठी राज्य ज्या हिशेबाने चालत होतं, त्याच हिशेबाने ते केलेलं होतं.

आधी माणूस पाहू. शाहूंचा जन्म १८ मे १६८२ चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. सात वर्षांचे असताना, १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि आई येसूबाईंसह ते औरंगजेबाच्या कैदेत गेले. त्यानंतरची सतरा-अठरा वर्षं त्यांनी मोगलांच्या छावणीत काढली. ही छावणी म्हणजे चालतं शहर होतं. आज भीमेकाठी ब्रह्मपुरीला, उद्या दुसऱ्या कुठल्या किल्ल्याच्या पायथ्याशी. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने या मायलेकरांना सांभाळलं असं सगळेच सांगतात. पण सांभाळलं तरी कैद ती कैद. मुलगा मोठा झाला तो तंबूंच्या गर्दीत, तोफखाना, हत्ती, शिकारी, दरबारी मुजरे आणि खलबतं पाहत. मागे राज्य आपल्याविना चाललंय, आणि ते आपल्याला परत मिळेल की नाही याची कुणालाच खात्री नाही, अशा अवस्थेत.

१७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि माळव्यात पोचल्यावर त्याने शाहूंना सोडलं. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या, त्या परत यायला १७१९ साल उजाडलं. सुटलेला राजपुत्र थोड्याशा माणसांनिशी नर्मदा उतरून दक्षिणेत आला. वाटेत पारद नावाच्या गावी चकमक झाली. पाटील मारला गेला आणि त्याच्या बायकोने आपलं तान्हं मूल आणून शाहूंच्या पायांवर घातलं. शाहूंनी ते उचललं, पहिली फत्ते झाली म्हणून त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे अक्कलकोटचं घराणं या पोरापासून सुरू झालं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, कारण जो आपल्या पदरात पडला त्याचा सरंजाम लावून द्यायचा, ही शाहूंची खोड इथूनच दिसते.

चुलती ताराबाईंच्या फौजेशी झालेल्या खेडच्या लढाईनंतर १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि पुढची एकेचाळीस वर्षं शाहू छत्रपती होते. इतका काळ मराठ्यांच्या दुसऱ्या कुठल्याही छत्रपतीला तोवर मिळाला नव्हता. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब हे तीन पेशवे त्यांच्या शब्दाने झाले. स्वतः मात्र ते फारसे मोहिमेवर गेले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला त्यांनी शहर वसवलं, बागा लावल्या, माणसं आणून बसवली. रागावले तरी लगेच निवळायचे. ताराबाईंसारखी आयुष्यभराची वैरीण १७३० मध्ये हाती लागली तेव्हा तिलाही साताऱ्याला आणून मानाने ठेवलं.

त्यांचा जीव खरा रमे तो शिकारीत आणि जनावरांत. घोडे, पक्षी, कुत्री. चांगल्या जातीचं जनावर कुठे आहे असं कानावर आलं की ते मिळवायचं, आणि मिळालं की त्याची निगा कशी ठेवतात ते स्वतः पाहायचं. राजेलोकांना शिकारीची कुत्री असतातच, त्यात काही विशेष नाही. दख्खनच्या माळावर ससे-हरणांमागे पळणारी सडपातळ, लांब पायांची कुत्री जुन्या काळापासून आहेत. आज मुधोळ हाउंड म्हणून जी ओळखली जातात त्यांचंच नातं तिथपर्यंत जातं. पण शाहूंच्या कुत्र्याची गोष्ट सशांमागे पळण्याची नाही.

शिकारीत एकदा वाघ महाराजांवर आला आणि या कुत्र्यामुळे ते वाचले. एवढंच सगळ्या सांगण्यांमध्ये समान आहे. कोणी म्हणतं त्याने भुंकून सावध केलं, कोणी म्हणतं तो वाघाला भिडला. वाघ तेव्हा साताऱ्याच्या परिसरात मुबलक होते, कासपासून महाबळेश्वरपर्यंतचा सगळा डोंगर त्यांचाच. झाडीत दबा धरलेला वाघ माणसाला दिसत नाही, पण कुत्र्याला त्याचा वास आधी लागतो. त्या वासाबरोबर बहुतेक कुत्री शेपूट पायांत घालून मागे सरकतात. हे मागे सरकलं नाही. जिवाला जीव देण्याच्या गप्पा दरबारात रोज ऐकणाऱ्या राजाला ते प्रत्यक्ष दिसलं, आणि दाखवलं ते एका मुक्या जनावराने.

यानंतरच्या दरबाराच्या प्रसंगाच्या दोन हकिकती आहेत. पहिली जेम्स ग्रँट डफची. हा साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. तो सांगतो की शाहूंच्या धाकट्या राणी सगुणाबाई वारल्यानंतर महाराजांच्या मनावर परिणाम झाला, आणि तो पहिल्यांदा दिसला तो अशा रीतीने: दोन मराठा शिलेदार भर दरबारात भेटीला यायचे होते, तेव्हा महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला किनखापाची झूल घातली, अंगावर जडजवाहीर चढवलं आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ती पगडी महाराजांनी पुन्हा कधी घातली नाही. पुढे त्या कुत्र्याच्या नावाने रीतसर सनदा काढून जहागीर दिली, पालखी दिली आणि त्याचा सगळा लवाजमा ठेवला. महाराजांची लहर म्हणून कोणी आडवं आलं नाही, असा ग्रँट डफचा सूर.

दुसरी हकिकत साताऱ्याकडची. तिच्यात भेटीला येणारा सरदार इंद्रोजी कदम, कोरेगावकडच्या साप गावचा. हा गडी इतका गबर की घोड्यांच्या टापांना चांदीचे नाल ठोकायचा, रस्त्यात एखादा निखळला तर वळून बघायचा नाही. असा माणूस सगळा डामडौल घेऊन छत्रपतींना भेटायला येतोय, आपली श्रीमंती दाखवायला येतोय, हे महाराजांना कळलं. मग त्यांनी राजाचे सगळे दागिने कुत्र्याला घातले आणि स्वतः साध्या वेषात, बोडक्या डोक्याने बसले. इंद्रोजी आत आला आणि पाहतो तर त्याच्या अंगावर जे काही होतं त्याहून भारी ऐवज कुत्र्याच्या गळ्यात. दागिन्यांनी मोठेपण येत असेल तर आज दरबारात सगळ्यात मोठा कोण, हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

दोन्ही हकिकतींत घटना एकच आहे: पाहुणे, दरबार, झूल, दागिने, पगडी. बदलला आहे तो सांगणारा. साहेबाला त्यात वेड दिसलं, साताऱ्याच्या माणसाला त्यात राजाने काढलेला एक चिमटा दिसला. मी साताऱ्याच्या बाजूने आहे, आणि तेही निव्वळ गावकीच्या प्रेमाने नाही. वेडा माणूस कुत्र्याला पगडी घालेल हे मान्य. पण कुत्र्याच्या नावे सनद काढायची तर चिटणीस लागतो, मजमूदार लागतो, गावाचा वसूल ठरवावा लागतो, पालखीला भोई नेमावे लागतात. वेडाच्या एका झटक्यात हे होत नाही. त्याला शांत डोक्याचा, ठाम हुकूम लागतो आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

पालखी म्हणजे काय होतं हे आज आपल्याला चटकन कळत नाही. त्या काळी पैसा आहे म्हणून कुणी पालखीत बसू शकत नसे. पालखीचा मान छत्रपतींकडून मिळायचा. तो मिळाला की तिच्या खर्चासाठी, भोयांच्या पोटासाठी वेगळी नेमणूक व्हायची, त्याला पालखीचा सरंजाम म्हणत. अब्दागीर, चौघडा, पालखी यांसाठी मोठमोठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या अर्ज करत, रुसत, एकमेकांशी भांडत. कोणाला ताजीम, कोणाला नाही, कोणाचा विडा आधी आणि कोणाचा नंतर, यावरून तलवारी उपसल्या गेल्या आहेत. अशा दरबारात एक दिवस भोयांनी कुत्र्याची पालखी उचलली. रांगेत उभ्या असलेल्या सरदारांच्या चेहऱ्यांची कल्पना करून पाहावी!

आता जहागिरीचं. मराठी राज्यात इनाम कशासाठी मिळायचं? शाहूंच्या कारकिर्दीतल्या रोजनिश्यांमधले निवडक कागद गणेश चिमणाजी वाड यांनी काढले आणि ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापले गेले. ते चाळले तर राज्य कशावर उभं होतं ते कळतं. कोणी गड राखला, त्याला जमीन. कोणी लढाईत पडला, त्याच्या पोरांना बालपरवेशी, बायकोला चोळीबांगडी. गावची रखवाली करतो म्हणून रामोश्याला वतन. देवाचा दिवा लावतो म्हणून गुरवाला वतन. सेवा केली की तिची नोंद, आणि नोंद झाली की तिच्यामागे पोट भरण्याची सोय. धन्याच्या जिवावर बेतलेलं संकट ज्याने स्वतःवर घेतलं त्याला तर या हिशेबात सगळ्यात वरची जागा. शाहूंनी एवढंच केलं की सेवा करणाऱ्याला पाय किती आहेत हे मोजलं नाही. जहागिरीचा पैसा अर्थातच कुत्री सांभाळणाऱ्या माणसांच्या हाती जात असणार, कुत्रा काही वसुलीला गेला नसेल. पण देवाच्या नावे दिलेल्या जमिनीचं तरी दुसरं काय होतं?

आणि हे शाहूंनी पहिल्यांदा केलं असंही नाही. त्यांच्या आठशे वर्षं आधी, इसवी सन ९४९-५० च्या सुमाराला, आजच्या कर्नाटकातल्या मंड्या भागात आतकूर इथे एक शिलालेख कोरला गेला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, गंग राजा बूतुग त्याच्या बाजूने लढला होता. या बूतुगाचा मणलेर नावाचा एक वीर. त्याच्या पराक्रमावर खूश होऊन त्याला सांगण्यात आलं, माग काय हवं ते. लोकांनी गावं मागितली असती, हत्ती मागितले असते. मणलेराने काली नावाचा कुत्रा मागितला. पुढे रानडुकराच्या शिकारीत काली डुकराला भिडला आणि दोघेही तिथेच मेले. मग मणलेराने देवळाजवळ कालीचा दगड उभा केला, वर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरले, आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याच्या माथी त्या कुत्र्याची पापं बसतील, अशी तंबीही कोरून ठेवली. कुत्र्याची पापं! असतील किती? एखादी चोरलेली भाकरी.

दख्खनच्या मातीत ही चाल जुनी आहे, म्हणजे कुत्र्याकडे सेवक म्हणून, वीर म्हणून पाहणं. शास्त्रांचा सूर मात्र निराळा. कुत्र्याची नजर पडली तर श्राद्धाचं अन्न बाटतं, शिवला तर आंघोळ. आपण या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदवल्या आहेत. वैश्वदेवाच्या बलीत कुत्र्याचाही घास निघतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात, भैरवाचं वाहन कुत्रा, खंडोबाबरोबर कुत्रा, आणि जेजुरीला खंडोबाचे वाघे भंडारा उधळून स्वतःच देवाचे कुत्रे होतात. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर प्रत्येक मराठी पोराला ठाऊक असतात. महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसतो. तरीही तीर्थक्षेत्री, दोन नद्यांच्या संगमावर, राजघराण्याच्या दहनभूमीत कुत्र्याची समाधी बांधायची म्हणजे भिक्षुकमंडळींची नाराजी ओढवून घेणं होतंच. ती छत्रपतीलाच परवडणारी गोष्ट.

खंड्याची गोष्ट निघाली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा दुसराच कुत्रा येतो, रायगडचा वाघ्या. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, अशी आख्यायिका. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले तेव्हाचा असा काही उल्लेख समकालीन कागदांत सापडत नाही. रायगडावर समाधीच्या जवळ त्याचा पुतळा उभा राहिला तो विसाव्या शतकात. १ ऑगस्ट २०११ ला संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो उखडला, त्यावर धनगर समाजातून संताप उसळला आणि थोड्याच दिवसांत पुतळा परत बसवला गेला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तो ३१ मेपर्यंत हटवावा अशी मागणी केली, आणि वर्तमानपत्रांना पुन्हा काही आठवडे खाद्य मिळालं. या वादात कुत्र्याशी कोणाचंच फारसं देणंघेणं नाही. जात, पुरावा, श्रद्धा, निवडणूक अशी माणसांचीच भांडणं तिथे भांडली जातात.

वाघ्याच्या कथेत मला खटकतं ते वेगळंच. धन्याच्या मागोमाग चितेत उडी घेतली तरच इमान सिद्ध होतं, हा त्या कथेतला आग्रह. खंड्याच्या गोष्टीत मरण नाही. धनी जिवंत राहावा म्हणून जे करायचं ते त्याने केलं, आणि मग राजासारखं खाऊनपिऊन, पालखीत बसून तो जगला. कुत्र्यांशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला ही दुसरी गोष्टच जास्त खरी वाटेल.

माहुलीच्या घाटावर चिता आणि इमान यांची गाठ कशी घातली जायची, हे शाहूंच्याच मरणात दिसतं. १५ डिसेंबर १७४९ ला ते साताऱ्यात वारले. थोरल्या राणी सकवारबाई पेशव्यांच्या विरोधात होत्या, गादीच्या वारसाबद्दल त्यांचे स्वतःचे बेत होते. ते झाकण्यासाठी त्या आधीपासून बोलून दाखवत असत की महाराजांचं काही बरंवाईट झालं तर मी सती जाणार. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना त्याच शब्दांत पकडलं. आपण सती जाऊ नये असा निरोप अशा बेताने पाठवला की आता मागे फिरणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं. माहेरच्या शिर्क्यांनाही बहिणीचं मन सती जाण्याकडे वळवायला लावलं, असं ग्रँट डफ लिहितो. बाई कृष्णाकाठी गेल्या. घाटावर गर्दी होती, वाद्यं होती, मंत्र होते. वारसाच्या राजकारणातला एक अडथळा त्या दिवशी दूर झाला. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडे सरकला.

ग्रँट डफ साताऱ्यात आला तो १८१८ मध्ये, पेशवाई बुडाल्यावर. शाहूंना जाऊन सत्तर वर्षं होत आली होती. प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवून त्यांच्या राज्याची घडी बसवण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यातलं सगळ्यात किचकट प्रकरण म्हणजे जहागिरी. कोणाची खरी, कोणाची खोटी, कोणत्या सनदेवर कोणाचा शिक्का. तो दिवसचे दिवस कागद पाहत बसे, आणि साताऱ्यातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टीही ऐके. त्यांत खंड्याची गोष्ट अजून जिवंत होती. पेशवे आले-गेले, पानिपत झालं, इंग्रज आले, तरी महाराजांनी कुत्र्याला पगडी घातली होती हे साताऱ्याच्या लोकांच्या तोंडी होतं. ग्रँट डफने ते लिहून घेतलं आणि चाळ्यांच्या सदरात टाकलं.

१८२० मध्ये त्याने सहा जहागीरदारांशी रीतसर करार केले: पंतप्रतिनिधी, पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, वाईचे शेख मिरा आणि अक्कलकोटकर भोसले. या जहागिरी त्याने खऱ्या मानल्या आणि इंग्रज सरकारने त्यांना हमी दिली. त्यातली अक्कलकोटची जहागीर शाहूंनी ज्याला दिली होती, तो पारदच्या रणात पाटलिणीने त्यांच्या पायांवर घातलेला पोर होता.